दोन बॅटऱ्या बदलल्या, दोष तसाच: अधूनमधून बंद पडणाऱ्या चार्जिंगचा शोध



गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका रात्री साडेदहाला मामांचा फोन आला. "अगं, तू मोटारींचंच शिकतेस ना? मग सांग बघू, सहा महिन्यांत माझी दुसरी बॅटरी कशी काय मेली?"

मी शिकते त्या मोटारी वेगळ्या, विजेवर फिरणाऱ्या. पण मामांना ते सांगण्याची ती वेळ नव्हती. मामा साताऱ्याचे. त्यांची जुनी सात सीटर डिझेल गाडी आहे, टुरिस्ट परवान्याची. सातारा-पुणे भाडी मारतात, त्यावरच घर चालतं. त्या रात्री पुण्याहून सहा प्रवासी घेऊन निघाले होते. खंबाटकी घाट चढता चढता हेडलाईट पिवळे पडायला लागले, हॉर्नचा आवाज बसला. कसाबसा घाट उतरून एका हॉटेलपाशी गाडी लावली. चहा पिऊन सेल्फ मारला तर नुसतं 'टिक'. प्रवाशांना दुसऱ्या गाडीत बसवून द्यावं लागलं. भाडं गेलं, वर ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी धक्का मारून गाडी गॅरेजला नेली. वायरमनने मीटर लावला: १४.२ व्होल्ट. "डायनामो एकदम ओके, बॅटरी बाद आहे." बॅटरीवाल्याने बॅटरी तपासली: "कमजोर झालीय खरी, पण तुमचं चार्जिंगच नीट नसणार." तिसऱ्याने सांगितलं, "डोक्याला ताप नको, डायनामोच नवा टाका." म्हणजे तेरा-चौदा हजार.

गंमत अशी की तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. मीटर खरंच १४.२ दाखवत होता. बॅटरी खरंच कमजोर झाली होती. आणि डायनामोत खरंच काहीतरी होतं. तरीही तिघांच्या खऱ्या बोलण्यातून मामांना हवं ते उत्तर मिळत नव्हतं. आजची पोस्ट या कोड्याबद्दल आहे. तुमच्याकडे गाडी असेल तर कधी ना कधी उपयोगी पडेल, आणि मी पीएचडीत नेमकं काय करते हेही जाता जाता कळेल.

डायनामो म्हणजे अल्टरनेटर

गॅरेजमध्ये आजही सगळे 'डायनामो' म्हणतात, पण तुमच्या गाडीत आहे तो अल्टरनेटर. खरा डायनामो जुन्या गाड्यांत असायचा. तो इंजिन मंद चालत असताना फारसं चार्जिंग करू शकत नसे. क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत डायनामो मागे पडला. नाव मात्र चिकटून राहिलं. मीही पुढे दोन्ही नावं वापरणार आहे, कारण मामांशी बोलताना 'अल्टरनेटर' म्हटलं की ते मला परकी समजतात.

आत काय असतं? मधोमध फिरणारा रोटर. त्यावर तांब्याच्या तारेचं एक वेटोळं. त्या वेटोळ्यातून तीन-चार अँपिअर करंट गेला की रोटर चुंबक बनतो. इंजिन पट्ट्याने, म्हणजे फॅन बेल्टने, रोटरला फिरवतं. हे फिरतं चुंबक बाहेरच्या स्थिर वेटोळ्यांमध्ये वीज निर्माण करतं. १८३१ मध्ये मायकेल फॅरडेने दाखवून दिलेलं तत्त्वच इथे तुमच्या बॉनेटखाली राबतंय. तयार झालेली वीज एसी असते. डायोड प्लेटवरचे डायोड तिला डीसी करतात आणि ती बॅटरीकडे जाते. व्होल्टेज किती ठेवायचं ते रेग्युलेटर ठरवतो. तो रोटरचा करंट कमी-जास्त करतो, बस.

आता प्रश्न असा की फिरणाऱ्या रोटरला करंट पोचवायचा कसा? तिथे वायर जोडली तर पिळून तुटेल. म्हणून रोटरच्या दांड्यावर तांब्याच्या दोन गुळगुळीत कड्या असतात आणि त्यांच्यावर स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे दोन छोटे ठोकळे घासत राहतात. गॅरेजच्या भाषेत नुसतं 'कार्बन'. साठ-सत्तर अँपिअर देणारं हे सगळं यंत्र त्या दोन ठोकळ्यांच्या स्पर्शावर अवलंबून असतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आकडे काय सांगतात

साधा मल्टिमीटर घ्या, दोनेकशे रुपयांत मिळतो. बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावा.

- गाडी काही तास बंद असताना: १२.६ च्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी.
- इंजिन चालू असताना: साधारण १३.८ ते १४.५. म्हणजे चार्जिंग होतंय.
- इंजिन चालू असूनही १२.६ च्या खाली आणि हळूहळू घसरतंय: चार्जिंग बंद आहे, गाडी बॅटरी खात चालली आहे.

तिसरी अवस्था किती वेळ निभावते? हिशोब सोपा आहे. हेडलाईट, टेललाईट, एसीचा ब्लोअर, वायपर असं सगळं मिळून २५-३० अँपिअर सहज जातात. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असली तर कागदावर दोन तास. प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी आधी दिवे मंदावतात, आणि सेल्फ मारायला लागणारा मोठा करंट तर त्याहूनही आधी संपतो. मामांची 'टिक' ती हीच.

यातली आणखी एक वाईट गोष्ट म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी वारंवार अशी रिकामी झाली आणि अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक बसतात आणि तिची क्षमता कायमची कमी होते. म्हणजे चोरी डायनामो करतो आणि पकडली जाते बॅटरी. तपासणीत ती खरंच कमजोर निघते, म्हणून बदलली जाते. नवी बॅटरी तगडी असते, त्यामुळे दोन-तीन महिने चार्जिंगची तूट ती भरून काढते. "बघा, बॅटरीच खराब होती" असं सगळ्यांना वाटतं. मग तीही मरते. मामांच्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या.

मीटर खरं बोलला, तरी उत्तर चुकलं का?

इथे माझ्या संशोधनाचा विषय येतो. मी विजेच्या यंत्रांमधले दोष ओळखण्यावर काम करते, आणि त्यातही अधूनमधून उगवणाऱ्या दोषांवर. कायमचा बिघाड त्या मानाने सोपा. वायर तुटली की तुटली, कधीही मोजा, तुटलेलीच दिसते. अधूनमधूनचा दोष मात्र पाहुण्यासारखा येतो आणि जातो. विमानांच्या देखभालीत तर याला स्वतंत्र नावच आहे: 'नो फॉल्ट फाउंड'. उड्डाणात बिघडलेला भाग कार्यशाळेत तपासला तर ठणठणीत. परत बसवला की पुन्हा तक्रार.

थोडं गणित करू. समजा, गाडी चालते त्या वेळेपैकी फक्त ५ टक्के वेळ चार्जिंग बंद असतं. गॅरेजमध्ये एकदा मीटर लावला तर दोष सापडण्याची शक्यता वीसात एक. वेगवेगळ्या वेळी दहा वेळा तपासलं तरी दहाही वेळा 'ओके' येण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे जवळपास ६० टक्के. नव्वद टक्के खात्रीने पकडायचं तर सुमारे ४५ वेळा तपासावं लागेल.

आणि हेही फार आशावादी गणित आहे. यात आपण धरून चाललो की दोष केव्हाही, कसाही उगवतो. प्रत्यक्षात त्याला ठरावीक परिस्थिती लागते: उष्णता, हादरे, पाणी, मोठा लोड. गॅरेजमध्ये बॉनेट उघडं, इंजिन कोमट, गाडी उभी, दिवे बंद. तिथे दोषाची शक्यता ५ टक्के नसतेच, शून्याच्या जवळ असते. मग शंभर वेळा मीटर लावा, शंभर वेळा १४.२ येईल. आत्ता, या स्थितीत चार्जिंग ठीक आहे, एवढंच तो मीटर सांगतो. आपण मात्र त्यातून 'डायनामो ठीक आहे' असं ऐकतो.

म्हणून अधूनमधूनच्या दोषाचा पहिला नियम: भाग बदलण्याआधी दोषाची सवय शोधा.

पायरी पहिली: गाडीत साक्षीदार बसवा

मी मामांना सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एक छोटा डिजिटल व्होल्टमीटर पाठवला. मोबाईल चार्जरच्या आकाराचा असतो, दीड-दोनशे रुपयांना. तो बॅटरीवरच्या व्होल्टेजपेक्षा थोडं कमी दाखवतो, पण आपल्याला चढ-उतार पाहायचाय, त्याला तेवढं पुरतं. सोबत एक वही. सूचना एवढीच: "प्रत्येक फेरीत आकडा १३ च्या खाली गेला तर तेव्हा कुठे होता, एसी आणि दिवे चालू होते का, इंजिन किती वेळ चाललं होतं, हे गाडी थांबल्यावर लिहून ठेवा. चालवताना नाही."

मामांनी ती वही भाड्याच्या हिशोबापेक्षा नेटकी ठेवली. नऊ फेऱ्यांपैकी सहा फेऱ्यांत आकडा घसरला होता. आणि त्या सहाही वेळा गाडी घाट चढून आलेली किंवा एसी लावून ट्रॅफिकमध्ये रखडलेली. सकाळी थंड इंजिनावर एकदाही नाही. पाऊस असला-नसला तरी फरक नाही. एकदा घसरला की दहा-वीस मिनिटं खालीच राही, मग एखाद्या खड्ड्याच्या दणक्याने किंवा गाडी थंड झाल्यावर परत १४.

या एका पानाने अर्धं निदान झालं. बघा कसं:

- पट्टा घसरत असता तर बहुतेक थंड सकाळी, पावसाच्या पाण्यात किंवा मोठा लोड पडताच त्रास झाला असता, आणि जोडीला किंचाळल्यासारखा आवाज आला असता. तसं काही नव्हतं.
- एखादा डायोड गेला असता तर चार्जिंग पूर्ण बंद न होता कमी झालं असतं, आणि ते सतत. शिवाय असा आकडा एका झटक्यात पडत नाही. डायोडची शंका असेल तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर डायोड तपासून घ्या.
- गरम झाल्यावर थोडा उतार नैसर्गिक असतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. रोटर ८० अंशांनी तापला तर त्याच्या वेटोळ्याचा रोध जवळपास ३० टक्के वाढतो आणि त्यामुळे चुंबक थोडा कमजोर होतो. पण त्याने १४ चं १३.७ होईल, १२ होणार नाही.

उरलं काय? गरम झाल्यावर तुटणारं आणि दणका बसल्यावर परत जुळणारं काहीतरी. म्हणजे कुठलातरी सैल स्पर्श.

स्पर्श हा विषय दिसतो तितका साधा नाही. रॅग्नार होल्म या अभ्यासकाने विजेच्या स्पर्शांवर मूलभूत काम केलं. दोन धातू एकमेकांवर टेकलेले दिसतात तेव्हा खरंतर ते मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात, आणि सगळा करंट त्या थोड्या बिंदूंतून जातो. त्या बिंदूंवर गंज, तेल, धूळ बसली किंवा दाब कमी झाला की डोळ्याला सगळं जुळलेलं दिसतं, पण वीज जात नाही. गाडीत असे स्पर्श डझनावारी असतात.

पायरी दुसरी: दोष चालू असताना दोन ठिकाणी मोजा

एका रविवारी मीच मामांबरोबर पुण्याहून निघाले. मांडीवर मल्टिमीटर. एसी चालू, हेडलाईट चालू, भर दुपारी. शिरवळपर्यंत १४.१. घाटाच्या वरच्या टप्प्यात आकडा एकदम १२.४ झाला, मग १२.३, १२.२. मामा म्हणाले, "आलं बघ तुझं पाहुणं!" तोपर्यंत दोष घडल्यावर इतका आनंद कुणाला झालेला मी पाहिला नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खटकली. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा पेटलाच नाही. चार्जिंग बंद, आणि इशारा देणारा दिवाही गप्प.

घाट उतरून सुरक्षित जागी गाडी लावली. इंजिन चालूच ठेवलं, कारण बंद केलं तर पाहुणा पळून जाण्याची भीती. ओढणी काढून ठेवली, केस बांधले. फिरत्या पट्ट्याजवळ हे सगळ्यात आधी. मग दोन मोजण्या:

बॅटरीवर १२.१. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, तोही १२.१.

हे दोन आकडे एकाच वेळी घेणं फार महत्त्वाचं. अल्टरनेटरवर १४-१५ आणि बॅटरीवर १२ आलं असतं, तर वीज तयार होतेय पण वाटेत अडतेय, म्हणजे जाड वायर, तिचा फ्यूज किंवा बोल्ट खराब. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि अल्टरनेटरची बॉडी यांच्यात ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला असता, तर अर्थिंग खराब. गाड्यांत इंजिन आणि चासी जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजणं फार कॉमन आहे. इथे दोन्ही नव्हतं. वीज तयारच होत नव्हती.

न पेटलेला दिवा

आता त्या लाल दिव्याकडे वळू. मामांच्या जुन्या गाडीत त्याची रचना सोपी आहे. दिव्याचं एक टोक चावीकडून येणाऱ्या १२ व्होल्टना जोडलेलं, दुसरं टोक अल्टरनेटरला. चावी ऑन केली, इंजिन बंद, तेव्हा करंट चावीकडून दिव्यात, दिव्यातून कार्बनमध्ये, तिथून रोटरमध्ये आणि रेग्युलेटरमार्गे बॉडीला जातो. दिवा पेटतो, आणि रोटरला पहिलं चुंबकत्वही हाच छोटा करंट देतो. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर १४ व्होल्ट द्यायला लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज येतं, आणि दिवा विझतो.

म्हणजे दिवा विझण्याची कारणं दोन. एक, दोन्ही बाजूंना सारखं व्होल्टेज, सगळं छान. दोन, वाटच तुटलेली. आपण सगळे विझलेला दिवा पाहून पहिलंच कारण धरतो.

मी मामांना म्हटलं, "मामा, इंजिन बंद करा आणि लगेच नुसती चावी ऑन करा." त्यांनी केली. ऑईलचा दिवा पेटला, हँडब्रेकचा पेटला. बॅटरीचा पेटला नाही.

मामा थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा कधी पेटायचा थांबला हे मी बघितलंच नाही की गं. लागला तर बघायचं, एवढंच आम्हाला माहीत."

वाट नक्की कुठे तुटली? अल्टरनेटरवरची दिव्याची बारीक वायर काढून चावी ऑन ठेवून बॉडीला टेकवली. दिवा झगझगीत पेटला. म्हणजे बल्ब चांगला, वायर चांगली, तुटलं ते अल्टरनेटरच्या आत. वायर परत जोडली. एक लहान स्क्रूड्रायव्हर पुलीच्या नटाजवळ धरला. रोटरमध्ये करंट असेल तर तो हलकासा ओढला जातो. काहीच ओढ नाही. मग स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने अल्टरनेटरच्या मागच्या भागावर, कार्बन बसतात तिथे, दोन हलक्या टिचक्या मारल्या. मामा आतून ओरडले, "पेटला! पेटला!" नटाजवळ स्क्रूड्रायव्हरही चिकटला.

ज्या वायरमनने पहिल्यांदा १४.२ मोजलं होतं, त्यांच्याकडेच आम्ही अल्टरनेटर उघडायला नेला. वही दाखवली, दिव्याची गोष्ट सांगितली. त्यांनी न बोलता मागचं झाकण काढलं. दोन्ही कार्बन झिजून पाच मिलिमीटरच्याही खाली आलेले, स्प्रिंगची ताकद संपलेली, त्यातला एक काळ्या भुकटीने खाच्यात अडकलेला. थंड असताना कसाबसा टेकायचा, गरम झाल्यावर अडकून राहायचा. कड्या चांगल्या होत्या, त्या पुसून साफ केल्या. नवे कार्बन बसले. खर्च काही शेकड्यांत. "चावी ऑन करून दिवा बघायला पाहिजे होता, चुकलंच," वायरमन म्हणाले, आणि मजुरी घ्यायला तयार होईनात. मामांनी बळेच खिशात घातली.

आता खरंच दुरुस्त झालं का?

हा प्रश्न गॅरेजमध्ये सहसा कोणी विचारत नाही, पण माझे मार्गदर्शक तो मला दर आठवड्याला विचारतात. दोष अधूनमधूनचा असेल, तर दुरुस्तीनंतर तो लगेच न दिसणं याला काही अर्थ नाही. तो आधीही लगेच दिसत नव्हताच!

म्हणून वही पुढे चालू ठेवली. आधी नऊपैकी सहा फेऱ्यांत दोष, म्हणजे फेरी स्वच्छ जाण्याची शक्यता एक तृतीयांश. दुरुस्तीनंतर एक फेरी स्वच्छ गेली तर तो निव्वळ योगायोग असू शकतो. सलग आठ फेऱ्या, त्याच घाटातून, तसाच एसी लावून स्वच्छ गेल्या, तर निव्वळ योगायोगाने असं घडण्याची शक्यता एक तृतीयांशचा आठवा घात: ६५६१ मध्ये एक. नऊ फेऱ्यांच्या नोंदीवरून काढलेला हा अंदाज ढोबळ आहे, पण दिशा स्पष्ट आहे. आठव्या फेरीनंतर मामांनी फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "चौदा पॉइंट एक." तेव्हा मी म्हटलं, हो, आता दुरुस्त झालं.

करून बघण्याआधी तीन इशारे

पहिला: इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून 'डायनामो तपासण्याची' पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती डायनामोच्या काळातली आहे. अल्टरनेटर चार्ज करत असताना बॅटरी अचानक सुटली तर व्होल्टेज क्षणभर कित्येक पटींनी उसळतं, वाईट परिस्थितीत शंभरच्या आसपास. रेग्युलेटर, डायोड, म्युझिक सिस्टिम, ईसीयू, काहीही जळू शकतं. कोणी तसं करायला लागलं तर हात जोडून थांबवा.

दुसरा: तुमची गाडी नवी असेल तर आकडे वेगळे वाचावे लागतील. बऱ्याच नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी ईसीयू स्वतःच चार्जिंग कमी-जास्त करतो. गाडी वेग घेताना १२.५ आणि ब्रेक मारताना १४.८ दिसलं तर तो दोष नसतो. अशा गाडीत दिव्याची वायर काढून बॉडीला टेकवण्यासारखे प्रयोगही करू नका, स्कॅनर असलेल्या माणसाकडे जा. सगळे दिवे आणि ब्लोअर लावूनही बराच वेळ आकडा १२ च्या आसपास खिळून राहिला तरच शंका घ्या.

तिसरा: फिरतं इंजिन, गरम रेडिएटर, घाटाची कड, यांच्या जवळ एकट्याने प्रयोग करू नका.

यात माझं संशोधन कुठे?

मी प्रयोगशाळेत जे करते ते मामांच्या वहीचं मोठं रूप आहे. मीटर एक सरासरी आकडा दाखवतो, पण त्या आकड्याखाली बारीक लाटा असतात. बारा ध्रुवांचा अल्टरनेटर रोटरच्या एका फेरीत ३६ लाटा देतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर आणि अल्टरनेटर त्याच्या अडीचपट वेगाने फिरत असेल, तर सेकंदाला बाराशे लाटा. एखादा डायोड तुटला की या नियमित लाटांत खळगे पडतात आणि सेकंदाला दोनशेच्या जागी एक नवीन खूण उमटते. कार्बनचा स्पर्श डळमळायला लागला की वेगळी, विस्कळीत खूण. प्रश्न हा की अशी खूण दोष पूर्ण प्रकट होण्याआधी, तो अजून 'येऊन-जाऊन' असतानाच ओळखता येईल का? आणि ओळखली तर किती खात्रीने बोलायचं?

खरं सांगू, अवघड भाग सेन्सरचा नाही. 'आत्ता दोष दिसत नाही' आणि 'दोष नाही' या दोन वाक्यांमधलं अंतर यंत्राला शिकवणं अवघड आहे. माणसांनाही ते कुठे सहज जमतं?

तर आज एक छोटी गोष्ट करा. गाडीत बसलात की सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून दोन सेकंद थांबा आणि डॅशबोर्ड बघा. बॅटरीचा लाल दिवा पेटला पाहिजे, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मामा आता रोज सकाळी हे करतात. उदबत्ती लावून झाली की चावी फिरवतात, दिवा बघतात, आणि मगच सेल्फ मारतात.

तुमच्याही गाडीने अशी हुलकावणी दिली असेल तर जरूर कळवा. वही ठेवली असेल तर फारच उत्तम!